डिझेलची घट आणि चालकाची पत

उन्हाळा तापू लागला की टाकी काठोकाठ भरू नका, उष्णतेने स्फोट होईल, अशा आशयाचे इशारे मोबाइलवरून गावोगाव फिरू लागतात. ते एखाद्या तेल कंपनीच्या नावावर खपविले जातात आणि सुशिक्षित माणसेही ते पुढे धाडतात. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरण्यात कोणत्याही ऋतूत धोका नाही, असा खुलासा इंडियन ऑइल कंपनीने केलेला आहे. तरीही अफवा थांबत नाही. याच सुमारास मालवाहतुकीच्या धंद्यात टाकीतील डिझेलच्या हिशेबावरून मालक आणि चालक यांच्यात खटके उडतात, त्यांची वार्ता मात्र कोठेच होत नाही. उष्णतेने डिझेल पेटत नाही, ते फुगते. हे फुगणे आणि पुन्हा आकसणे किती माणसांच्या प्रामाणिकपणावर विनाकारण डाग लावून जाते, याचा विचार व्हावयास हवा.

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. रुळांमधील फटी आणि तापवून चाकावर चढविलेली बैलगाडीची लोखंडी धाव ही त्याची ठरीव उदाहरणे. परंतु घन पदार्थांपेक्षा द्रव पुष्कळच अधिक प्रसरण पावतात, हे त्या धड्यातून मनावर तितकेसे ठसत नाही. डिझेलचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आकारमान हजारी सुमारे ०.८३ भाग, म्हणजे शेकडा ०.०८ हून किंचित अधिक, वाढते. नेहमीच्या तापमानात पाण्याचे जेवढे प्रसरण होते त्याच्या हे जवळजवळ चौपट झाले. टाकीचे पोलादही प्रसरण पावते, हे खरे. पण ३०० लिटरच्या टाकीची धारकता वीस अंशांच्या वाढीने फार तर पाव लिटरने वाढते, तर तेवढ्याच डिझेलचे आकारमान पाच लिटरने वाढते. तेव्हा टाकीच्या प्रसरणाने हिशेब जुळत नाही.

एक उदाहरण घेऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. त्या उन्हातून दिवसभर धावलेली मालमोटार संध्याकाळी नाशिकला येते. डांबरी रस्त्याची धग, वरचे ऊन आणि इंजिनाकडून टाकीत परत येणारे न जळलेले गरम इंधन यांमुळे टाकीतील डिझेलही ४५ अंशांवर आलेले आहे. टाकीत पट्टी बुडविली, ३०० लिटर भरले, नोंद झाली. रात्रभर गाडी उभी राहिली. पहाटेच्या गारव्यात डिझेल २३ अंशांपर्यंत निवले. पुन्हा पट्टी बुडविली तर साडेचौऱ्याण्णव आणि दोनशे! साडेपाच लिटर डिझेल गेले कोठे? रात्री गाडीत झोपला होता चालक. तेव्हा बोट त्याच्याकडेच वळते. वास्तविक टाकीतून एक थेंबही बाहेर गेलेला नाही. वजन केले असते तर ते संध्याकाळी होते तेवढेच पहाटेही भरले असते. घटले ते केवळ आकारमान.

उलट प्रकारही घडतोच. पहाटे मोजलेले डिझेल दुपारी वाढलेले दिसते; परंतु त्याबद्दल कोणी चालकाची पाठ थोपटल्याचे ऐकिवात नाही. वाढ निसर्गाची आणि घट चालकाची, हा न्याय अजब म्हणावा लागेल. आता पट्टीच्या जागी टाकीत संवेदक बसविले जातात आणि मालकाला कार्यालयात बसून आकडे दिसतात. पण जे यंत्र केवळ पातळीची उंची मोजते आणि तापमान विचारात घेत नाही, ते पट्टीइतकेच आंधळे. फरक एवढाच, की पट्टीशी वाद घालता येत असे. पडद्यावरील आकड्यापुढे चालकाचा शब्द टिकत नाही.

डिझेलची चोरी होतच नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. ती होते आणि तिचा भुर्दंड मालकाला बसतो. परंतु प्रसरणाचा हिशेब हा चोराला पळवाट करून देणारा नाही. तो खऱ्या-खोट्याची निवड करून देणारा आहे. वरील उदाहरणात साडेपाच लिटरचा खुलासा उष्णता करील, वीस लिटरचा करणार नाही. म्हणजे हे गणित चालकाच्या जितके उपयोगी तितकेच मालकाच्याही.

मोठ्या व्यापाराने हे गणित कधीच स्वीकारले आहे. आंतरराष्ट्रीय बाजारातील तेलाचे पिंप म्हणजे ४२ अमेरिकी गॅलन. पण ते ६० अंश फॅरनहाइट या तापमानाचे. मेट्रिक पद्धतीत १५ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात. आपल्या पंपांवरही हायड्रोमीटर, तापमापक आणि रूपांतराचे कोष्टक ठेवलेले असते. १५ अंशांना घनमीटरला ८३० किलोग्रॅम भरणारे डिझेल ४० अंशांना सुमारे ८१३ किलोग्रॅमच भरते. म्हणून घनतेची पडताळणी १५ अंशांवर आणूनच करतात. मात्र ग्राहकाला मिळणारा लिटर त्या क्षणी जसा असेल तसा मोजला जातो. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटरहून अधिक तूट आली तर वैधमापन विभाग पंपाला दोषी धरतो, आणि ते योग्यच आहे. पण ही अर्ध्या टक्क्याची तूट केवळ सहा अंशांच्या फरकानेही पडते, तिची दाद कोठे मागावयाची?

कॅनडासारख्या थंड देशात पंपावरच तापमानानुसार आकारमान सुधारून देणारी यंत्रे रूढ झाली आहेत. थंडीत आकसलेले इंधन विकताना विक्रेत्याचा तोटा होतो, हे तेथे त्यांच्या प्रसाराचे एक कारण सांगितले जाते. उलट अमेरिकेत उष्ण इंधनावरून ग्राहकांनी दावे लावले. पण कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगाने २००९ साली असा निष्कर्ष काढला, की अशी यंत्रे बसविण्याचा खर्च ग्राहकाच्या फायद्याहून जास्त होईल. हा मुद्दा विचारार्ह आहे. विक्रेता दर बदलून आपली भरपाई करून घेऊ शकतो. तेव्हा प्रत्येक पंपावर महागडी यंत्रे बसवा, अशी मागणी आज करण्याची गरज नाही. पहाटे डिझेल भरल्याने पदरात जास्त पडते, ही समजूतही फारशी खरी नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तेथील तापमान दिवसरात्रीत फारसे हलत नाही.

प्रसरणाची दुसरी बाजू सुरक्षिततेची. टाकीच्या झाकणातून हवा जाण्यायेण्याची सोय असल्यामुळे टाकी फुटत नाही. परंतु गळ्यापर्यंत भरलेली टाकी उन्हात तापली की डिझेल बाहेर ओघळते. घाटातील वळणावर सांडलेले हे डिझेल मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत १ जानेवारी १९७३ नंतर बनविलेल्या व्यापारी वाहनांच्या टाक्या धारकतेच्या ९५ टक्क्यांहून अधिक भरता येऊ नयेत, असा नियम आहे. वरच्या पाच टक्के मोकळ्या जागेचे मोल आपल्याकडील चालकांनाही पटवून द्यावयास हवे. स्फोटाच्या खोट्या भीतीपेक्षा ओघळाची खरी काळजी अधिक हिताची.

उपाय सोपे आहेत. वाहतूकदारांनी टाकीतील डिझेलची नोंद करताना लिटरच्या शेजारी तापमानाचाही रकाना ठेवावा. एक तापमापक आणि एक कोष्टक एवढेच साहित्य त्यासाठी पुरते. तापमानातील फरक, लिटर आणि ०.०००८३ यांचा गुणाकार कोणताही कारकून करू शकेल. या मर्यादेत बसणाऱ्या घटीबद्दल चालकाच्या पगाराला कात्री लागू नये, हे चालकांच्या संघटनांनी आग्रहाने मागावे. पंपचालकांनी घनतेबरोबर त्या वेळचे तापमानही पावतीवर छापावे. आणि शिक्षकांनी प्रसरणाचा धडा शिकविताना धावेच्या आणि रुळांच्या पुढे जाऊन मालमोटारीच्या टाकीचे हे उदाहरण वर्गात सोडवून घ्यावे.

ज्या धड्याचा उपयोग परीक्षेपुरताच होतो तो धडा पुरा शिकविला गेला, असे म्हणता येत नाही. प्रसरणाचे गणित माहीत असलेला हिशेबनीस साडेपाच लिटरच्या घटीसाठी कोणाला चोर ठरविण्यापूर्वी तापमान विचारील. घरापासून शेकडो मैल दूर, रात्र रात्र जागून दुसऱ्याचा माल सुखरूप पोहोचविणाऱ्या माणसाला एवढा न्याय मिळालाच पाहिजे.