विश्लेषण : स्कॉच स्वस्त होणार, मग गोव्याच्या सिंगल माल्टचे काय?

भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि स्कॉच किती स्वस्त होणार, याची चर्चा सुरू झाली. मात्र दुकानातील त्याच फळीवर दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी ‘पॉल जॉन’ सिंगल माल्टही असते. अमृत किंवा इंद्रीच्या तुलनेत तिचे नाव कमी कानावर पडते. बाटलीवर ‘१२ वर्षे’ असा आकडा नसलेली ही व्हिस्की स्वस्त स्कॉचपुढे टिकेल का?

सिंगल माल्ट म्हणजे काय?

एकाच डिस्टिलरीत, केवळ माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीपासून बनवलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप नव्हे. एकाच डिस्टिलरीतील अनेक पिंपांचे मिश्रण चालते. पॉल जॉनसाठी भारतीय बार्ली वापरली जाते. धुराचा स्वाद देणारा पीट मात्र स्कॉटलंडहून येतो. ही व्हिस्की प्रथम २०१२ मध्ये लंडनमध्ये विक्रीस आली, गोव्यात त्यानंतर.

वयाचा आकडा का नाही?

लाकडी पिंपात मुरताना व्हिस्कीचा काही भाग उडून जातो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत तो वर्षाला सुमारे २ टक्के असतो, तर गोव्याच्या उष्म्यात साधारण ८ टक्के. गणित सोपे आहे. १०० लिटर भरलेल्या पिंपात स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनी सुमारे ७८ लिटर उरतात. गोव्यात पाच वर्षांतच जेमतेम ६६ लिटर राहतात. त्याच वेळी उष्णतेमुळे लाकडाचा रंग आणि स्वाद व्हिस्कीत झपाट्याने उतरतात. फार वर्षे ठेवली तर लाकूडच वरचढ ठरते. त्यामुळे इथे कमी वय म्हणजे कच्ची व्हिस्की, असे समीकरण मांडता येत नाही.

तुलना कशी करावी?

या डिस्टिलरीच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तीन व्हिस्की तुलनेसाठी सोयीच्या आहेत. तिन्हींत मद्यार्काचे प्रमाण ४६ टक्केच आहे. मुख्य फरक पीटचा. ब्रिलियन्समध्ये पीट नाही, त्यामुळे मध आणि बार्लीचा गोडवा थेट जाणवतो. एडिटेडमध्ये त्या गोडव्यामागे हलका धूर येतो. बोल्डमध्ये धूर आणि मसालेदारपणा पुढे असतो. चाखण्याचा क्रमही हाच ठेवावा. आधी धुराची व्हिस्की घेतली तर नंतरची फिकी लागते. तोंडाशी निमुळता ग्लास, प्रत्येकी १०-१५ मिलिलिटर, आधी वास, मग घोट आणि शेवटी पाण्याचे दोन-चार थेंब. बर्फ टाळावा, कारण थंडीने वास दबतो. स्कॉचशी तुलना करायची असल्यास लेबल झाकून करावी. वयाचा आकडा दिसला की मत आधीच तयार होते.

करारामुळे काय बदलेल?

स्कॉचवरील १५० टक्के आयात शुल्क करार लागू होताच ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के होणार आहे. म्हणजे १०० रुपयांची बाटली बंदरावर २५० ऐवजी आधी १७५ आणि पुढे १४० रुपयांना पडेल. ग्राहकाला मात्र एवढी घट दिसणार नाही. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्यावरील कर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. म्हणूनच एकच बाटली गोव्यात स्वस्त आणि महाराष्ट्रात महाग मिळते. ती परवान्याशिवाय सीमेपलीकडे आणल्यास कारवाई होऊ शकते.

खरा पेच कुठे?

भारतीय मद्य उत्पादकांच्या ‘सीआयएबीसी’ या संघटनेच्या म्हणण्यानुसार, २०२३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सिंगल माल्टपैकी निम्म्याहून अधिक भारतीय होत्या. या यशात स्कॉचवरील शुल्काचा आडोसा होता, तो आता कमी होतो आहे. उलट ब्रिटनमध्ये ‘व्हिस्की’ म्हणून विकण्यासाठी किमान तीन वर्षे मुरवण्याची अट आहे. इथल्या हवेत व्हिस्की लवकर मुरते, म्हणून ती शिथिल करावी, अशी भारतीय उत्पादकांची मागणी राहिली आहे. गोव्यातील डिस्टिलरीला दरवर्षी उडून जाणाऱ्या मालाचा खर्चही किमतीत धरावा लागतो. त्यामुळे केवळ स्वस्ताईवर ही लढत जिंकता येणार नाही. ती चवीवरच लढावी लागेल. त्यासाठी ग्राहकालाही वयाच्या आकड्यापलीकडे पाहावे लागेल.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. व्हिस्कीसारख्या मद्यासाठी किमान वय महाराष्ट्रात २५, तर गोव्यात २१ वर्षे आहे.)