मागच्यासाठी थांबावे

उन्हाळ्यात सायकलमंडळे पहाटेच निघतात, हे युक्तच होय. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि ऊन चढल्यावर श्रम बाधतात. कुलाब्याचा कापूसबाजार ज्या कॉटन ग्रीन येथे हलविला गेला, तेथून शिवडीची खाडी जवळच असल्यामुळे रविवारच्या लहानशा फेरीस तो भाग सोयीचा आहे.

१९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. १९२८ साली ती तिघांनीच पूर्ण केली. त्यांचे धैर्य वंदनीय खरे. परंतु रविवारच्या मंडळीचा धर्म निराळा. तेथे जितके निघाले तितके पोहोचले, तरच फेरी सफल. म्हणून जाणता गडी सर्वांच्या मागे राहतो, एकाचे चाक पंक्चर झाले तर सारे थांबतात, आणि शेवटचा भिडू आल्यावाचून पोह्यांच्या बशीस कोणी हात लावीत नाही.

आमच्या एकत्र कुटुंबांनी हा कित्ता अवश्य गिरवावा. मुलगे फेरीस जावेत आणि सुनेने त्यांच्यासाठी पोहे भिजवीत घरी बसावे, हे आम्हांस शोभत नाही. तिलाही सायकल द्यावी. त्या रविवारचे पोहे आम्ही वडीलधाऱ्यांनी करावेत.