परदेशी निघताना औषधाचे खरे नाव

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मेतकूट आणि सहा महिन्यांच्या गोळ्या असतात. लाडवांची यादी तोंडपाठ असते. गोळ्यांची नसते. ‘सकाळी पांढरी, रात्री अर्धी गुलाबी’ एवढीच ओळख. जागा वाचवण्यासाठी गोळ्या पट्ट्यांतून काढून डब्यात भरलेल्या, आणि चिठ्ठी घरी फाइलमध्ये. मुंबईत किंवा सांगलीत याने फारसे अडत नाही, कारण रिकामी पट्टी दाखवली की कोपऱ्यावरचा औषधवाला गोळ्या देतो. विमानातून उतरल्यावर ही सोय संपते.

अमेरिकेतील औषध दुकानात भारतीय डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. तिथे परवाना असलेल्या डॉक्टरनेच औषध लिहून द्यावे लागते आणि त्यासाठी रीतसर तपासणी, म्हणजे बराच खर्च, आलाच. प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. ‘आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विचारतो’ हा उपायही टिकत नाही. भारतात 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत आणि तिथला औषधवाला मोबाइलवरची चिठ्ठी मानत नाही. शिवाय गणितही जुळत नाही. पर्यटक व्हिसावर मुक्काम बहुतेकदा सहा महिन्यांचा, तर सोबत न्यायच्या औषधांचा तिथला सर्वसाधारण दंडक 90 दिवसांचा आहे. मुक्काम त्याहून लांबला, तर डॉक्टरचे इंग्रजी पत्र, चिठ्ठी आणि पासपोर्ट-व्हिसाची प्रत जोडून पुढचा साठा मागवता येतो. पण हे कागद आधीच तयार असतील तरच.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे औषध ओळखले जाते ते कंपनीने दिलेल्या नावाने, आणि ते नाव सीमेपलीकडे निरर्थक ठरते. कधी ते धोकादायकही असते. ‘फ्लोमॅक्स’ हे अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचे औषध आहे, तर इटलीत त्याच नावाने सूज-वेदनेवरचे औषध विकले गेले आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 1950 पासून प्रत्येक औषधी घटकाला जगभर चालेल असे एक मूळ नाव देण्याची पद्धत सुरू केली. त्यातही काही अपवाद लक्षात ठेवावे लागतात. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॲमिनोफेन असते आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते.

काही औषधे तर तिथे मिळतच नाहीत. मधुमेहासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, व्होग्लिबोज किंवा रक्तदाबाची सिल्निडिपिन ही औषधे अमेरिकेत मंजूर नाहीत. तीन औषधे एकत्र असलेली आपली गोळी तिथल्या डॉक्टरला कोडे वाटते. बॅग हरवली, तर त्याला उपचार नव्याने मांडावा लागतो.

सर्वांत गंभीर चूक इन्सुलिनची होऊ शकते. भारतात अजूनही अनेक रुग्ण, विशेषतः सरकारी रुग्णालयांतून औषध घेणारे, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली बाटली आणि त्यासाठीची लाल टोपणाची सिरिंज वापरतात. अमेरिका-युरोपात बाटलीत मिलिलिटरला 100 युनिट असतात. इथून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने तिथले इन्सुलिन 20 च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात 50 युनिट जातात, म्हणजे अडीचपट. साखर इतकी उतरू शकते की रुग्ण झोपेतच बेशुद्ध व्हावा. बाटली बदलली तर सिरिंजही बदललीच पाहिजे, हे प्रवासाआधी सांगायला दोन मिनिटे पुरतात.

आखाताकडे जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. रत्नागिरी, रायगडमधून किंवा गोव्यातून कामासाठी निघालेल्या तरुणाच्या पिशवीत कंबरदुखीच्या गोळ्या असतात. त्यांत ट्रॅमाडॉल किंवा प्रीगॅबालिन असू शकते, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी ऑनलाइन आधी घ्यावी लागते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तेच. 2017 मध्ये ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरलेल्या एका ब्रिटिश महिलेला तीन वर्षांची शिक्षा झाली होती. नियम ठाऊक नव्हता, ही सबब कामी आली नाही. भारतातही ट्रॅमाडॉल 2018 पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे, तरी ‘साधी दुखण्याची गोळी’ ही त्याची ओळख पुसलेली नाही. शेजाऱ्याने ‘भावाला एवढे औषध पोचव’ म्हणून दिलेले पुडके तर घेऊच नये. ज्याच्या बॅगेत सापडते, गुन्हा त्याच्यावर नोंदला जातो.

जपानचे नियम याहून बारीक आहेत. एक महिन्याहून अधिक पुरतील इतकी चिठ्ठीवरची औषधे न्यायची, तर आधी तिथल्या सरकारचे प्रमाणपत्र लागते. चोंदलेल्या नाकावरच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या तिथे नेताच येत नाहीत.

‘आजवर कोणी बॅग उघडली नाही’ असे अनेक जण सांगतात आणि ते खोटे नाही. बहुतेक प्रवासी निर्धोक जाऊन येतात. पण कागद लागतात ते नेमके बॅग उघडली जाते तेव्हा, सामान हरवते तेव्हा किंवा रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो तेव्हा. बेशुद्ध माणसाच्या खिशातली इंग्रजी यादी परदेशातल्या डॉक्टरला सर्व काही सांगते. डब्यातल्या सुट्या गोळ्या काहीच सांगत नाहीत.

दोष परदेशी कायद्यांना देऊन भागणार नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत, लिहावे हा नियम आपल्याकडेही 2016 पासून आहे. तो पाळला असता तर निम्मा प्रश्न उरला नसता. प्रवासाचे पत्र ही डॉक्टरची मेहेरबानी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. पासपोर्टवरचे नाव, आजार, औषधांची मूळ नावे, मात्रा, दिवसातून किती वेळा, सुई-सिरिंजची गरज आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक एवढे एका पानावर मावते. खासगी दवाखान्यात ते मागून मिळते. सरकारी रुग्णालयात मात्र कापलेल्या पट्ट्यांतून पंधरा-तीस दिवसांच्या गोळ्या हाती पडतात, त्यावर अनेकदा नावही उरत नाही, आणि केसपेपरचे अक्षर लावता येत नाही. आखाती देशात राबायला जाणारा माणूस याच रांगेत उभा असतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने मागताक्षणी असे छापील पत्र द्यावे. त्याला नवा निधी लागत नाही, एक ठरलेला नमुना आणि शिक्का पुरतो.

रुग्णांनीही तिकीट काढताच, म्हणजे निदान दीड महिना आधी, डॉक्टरला गाठावे. ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर औषधांचे नियम पाहावेत. वाटेत विमान बदलायचे असेल तर त्या देशाचेही. औषधे मूळ पट्ट्यांत, बिलासह, हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि पत्राची प्रत मुलांकडे पाठवून ठेवावी. रोज घेतो त्या गोळीचे नाव माहीत असणे हा आपला हक्क आहे. ते विचारायला परदेशी जाण्याचीही वाट पाहू नये.