पैज यमाची, पैसे आमचे

दिवाळीत जुगार खेळणे हा गुन्हा नसून धर्म आहे, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाजूने शास्त्रही आहे. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. खुद्द शंकर-पार्वतींनी फाशांचा डाव मांडला आणि त्यात शंकर हरले, अशी कथा आहे. तेव्हा एरवी दुसऱ्या कप चहाचा हिशेब ठेवणारा गृहस्थ पाडव्याला तीनपानीत शंभराची नोट टाकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु 2025 च्या दिवाळीत आमच्या मंडळींनी जो डाव मांडला, त्याला आधार कोणत्याही पोथीत सापडेल असे वाटत नाही.

आमची मंडळी म्हणजे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी जाऊन न धावणारे सहा जण. एक वकीलसाहेब, एक आयुर्विम्यातून निवृत्त झालेले विमेवाले, एक नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले प्रेसवाले, एक गणिताचे मास्तर, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या बाई आणि मी. सहा जणांच्या वयांची बेरीज साडेचारशेच्या पुढे जाते. पहिली फेरी आम्ही पायांनी घालतो, बाकीच्या तोंडाने.

वकीलसाहेबांचा नातू पुण्याहून दिवाळीला आला होता. त्याने हा खेळ आणला. प्रत्येकाने पाच नामवंतांची नावे कागदावर लिहायची. पुढल्या दिवाळीपर्यंत त्यांतले जे जातील, त्यांचे गुण. शंभरातून वय वजा करायचे. नव्वदीचा गेला तर दहा गुण, चाळिशीतला गेला तर साठ. वर्गणी माणशी पाचशे. जिंकेल त्याला तीन हजारांचा गल्ला.

“अरे, तुझ्या आजीनं ही यादी पाहिली तर फराळाची ताटली काढून घेईल,” बाई म्हणाल्या.

“अहो आजी, नुसती गंमत आहे,” तो म्हणाला. आणि गंमत म्हटल्यावर कोणी उठून गेले नाही. बाईसुद्धा नाही.

आम्ही नाशिककर मरणाला तसे बिचकत नाही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि गंगेवर भाजी आणायला निघालेल्या माणसाला कापडाने तोंड बांधलेला कलश घेऊन चाललेले कुटुंब वाटेत भेटले, तर त्यात त्याला नवल वाटत नाही. 1948 साली महात्माजींच्या अस्थींचा अंश इथल्या रामकुंडात विसर्जित झाला; त्याच कुंडात कुठल्या तरी खेड्यातल्या शेतकऱ्याच्याही अस्थी येतात. तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्यांत नामवंतांसाठी निराळा रकाना नाही.

पेन्सिली निघाल्या. मास्तरांनी मात्र नाव लिहिण्याआधी आकडेमोड केली. “पाचही नावं नव्वदीची लिहिली आणि पाचही गेले तरी पन्नासच गुण होतात. उलट चाळिशीतला एकच गेला की साठ.”

“म्हणजे जिंकायचं असेल तर कुणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या पोरांचा बाप जायला हवा!” बाई म्हणाल्या. क्षणभर सगळे गप्प झाले. मग वकीलसाहेबांनी कायद्याचा आडोसा घेतला. 1872 च्या करार कायद्याच्या 30 व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल. तेव्हा जिंकणाऱ्याला गल्ला मिळाला नाही तर कोर्टात जाता येणार नाही. हे ऐकून सर्वांना जरा हलके वाटले.

प्रेसवाल्यांनी कागद कोराच ठेवला. त्यांचे वडीलही प्रेसमध्येच होते. देशाची टपाल तिकिटे कित्येक वर्षे नाशिकरोडलाच छापली जात. “जिवंत माणसाचं तिकीट सहसा काढत नाहीत,” ते म्हणाले, “म्हणजे आमचा छापखाना मोठ्या माणसांच्या जाण्याचीच वाट पाहत बसलेला म्हणा ना! पण 1958 साली महर्षी कर्व्यांनी सगळी शिस्त मोडली. 18 एप्रिलला त्यांना शंभर वर्षं पुरी झाली आणि पंधरा नव्या पैशांचं तिकीट निघालं. अण्णा हयात होते. त्यांनी आपलं तिकीट पाहिलं आणि पुढे साडेचार वर्षं जगले. 1962 च्या नोव्हेंबरात गेले. तुमच्या खेळात त्यांचे गुण किती?”

मास्तरांनी शंभरातून एकशेचार वजा केले. उत्तर उणे चार आले.

मग मलाही राहवेना. भगूर इथून किती लांब? तिथल्या सावरकरांना सरकारने दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा दिली आणि सुटकेचे साल 1960 ठरवले. 1960 उजाडले तेव्हा सावरकर होते, ते सरकार नव्हते. फ्रान्समधली गोष्ट तर वकीलसाहेबांनी पाठच करावी अशी. 1965 साली तिथल्या एका वकिलाने झान काल्माँ नावाच्या नव्वद वर्षांच्या बाईंशी करार केला. बाई जिवंत असेपर्यंत दरमहा अडीच हजार फ्रँक द्यायचे, त्यांच्यामागे घर त्याचे. वकील सत्तेचाळीस वर्षांचा. सौदा फायद्याचा दिसत होता. तीस वर्षे पैसे भरून 1995 साली वकीलच वारला, आणि त्याच्या बायकोला हप्ते पुढे चालवावे लागले. बाई 1997 साली गेल्या, वयाच्या 122 व्या वर्षी. पोप किती दिवस टिकेल यावर रोममध्ये पैजा लागत, त्यांवर चौदाव्या ग्रेगरीने 1591 साली बंदी घातली. आणि त्याच वर्षी ते स्वतः वारले.

एवढे ऐकूनही पाच याद्या पुऱ्या झाल्या आणि प्रेसवाल्यांच्या कोऱ्या कागदासकट सहाही कागद गल्ल्याबरोबर बाईंच्या पर्समध्ये गेले.

मास्तरांच्या यादीत पहिले नाव धर्मेंद्रचे होते. वय 89, गुण 11. मास्तरांनी तरुणपणी वर्ग बुडवून ‘शोले’ पाहिलेला, आणि त्या सिनेमाला त्याच वर्षी पन्नास वर्षे पुरी झाली होती. 11 नोव्हेंबरला सकाळी टीव्हीवर बातमी आली, की धर्मेंद्र गेले. आम्ही ट्रॅकवर होतो. कोणाच्या तरी मोबाईलवर ती दिसली. वकीलसाहेब सवयीने म्हणाले, “मास्तर, अकरा गुण!”

मास्तर बाकावर बसले. कोणाशी बोलेनात. मग थोड्या वेळाने दुसरी बातमी आली, की पहिली खोटी. ते इस्पितळात होते, उपचार चालू होते, आणि घरची माणसे, हेमामालिनी आणि मुलगी, उघडपणे संताप व्यक्त करीत होती. जिवंत माणसाला सुतक लावल्यावर दुसरे काय करतील?

“गेले तुमचे अकरा गुण,” मी म्हणालो.

“बरं झालं!” मास्तर इतक्या मोठ्याने ओरडले, की पुढे चाललेल्या दोन मुली वळून पाहू लागल्या.

बाईंना 1979 साल आठवले. 22 मार्चला जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक इस्पितळात होते. पंतप्रधान मोरारजीभाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने बातमी दिली. आणि जयप्रकाशजी जिवंत! पुढे 8 ऑक्टोबरपर्यंत, साडेसहा महिने, ते जगले. “त्या दिवशी आमच्या वाड्यात बायका रडत होत्या, आणि खरी गोष्ट कळल्यावर त्याच बायकांनी साखर वाटली,” बाई म्हणाल्या. “कुणी गुण मोजले नव्हते हो.”

इतका वेळ विमेवाले गप्प होते. या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या मरणाची कलमे समजावून सांगण्यात घालवला. त्यामुळे फावल्या वेळात तो विषय ते काढीत नाहीत. पण त्या दिवशी बोलले.

“तुमच्या या खेळाचा निकाल आमच्या धंद्यात अडीचशे वर्षांपूर्वी लागलेला आहे. पूर्वी इंग्लंडात कुणीही उठावं आणि कुणाच्याही जिवाचा विमा उतरवावा, असं चालत असे. राजा दुसरा जॉर्ज 1743 साली लढाईवर गेला, तर तो परत येईल की नाही यावर लंडनात पैजा लागल्या. कुणी सरदार आजारी पडला की त्याच्या जिवावर पैसे लागायचे. शेवटी 1774 साली कायदा झाला. ज्याच्या मरणानं तुमचं काही नुकसान होणार आहे, त्याच्याच जिवाचा विमा तुम्हाला उतरवता येईल, इतरांचा नाही. आजही विमा उतरवताना आम्ही तेच पाहतो. बायकोला नवऱ्याचा उतरवता येतो, सावकाराला ऋणकोचा, तोही कर्जापुरता. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा येत नाही. मरणावर पैसे लावायचे, तर आधी त्या मरणात आपलं काही जायला हवं.”

ही गोष्ट इतकी साधी होती, की आमच्या साडेचारशे वर्षांत ती कोणाला सुचली नव्हती याचे आश्चर्य वाटले. बाईंनी पर्समधून याद्या काढल्या आणि शाळा तपासनिसाच्या थाटात विचारू लागल्या. हा गेला तर तुमचे काय जाईल? एका पुढाऱ्याच्या नावावर वकीलसाहेब म्हणाले, “काही नाही.” नाव बाद. एका उद्योगपतीचे तसेच. माझ्या यादीत एक वृद्ध गायक होते. त्यांच्या अभंगाने आमच्या घरी सकाळ होते, आणि सौ. तो ऐकल्याखेरीज स्टोव्हला हात लावीत नाही. ते गेले तर माझे जाईलच. पण मग त्यांच्या नावावर पैसे लावून जिंकायचे काय? तेही नाव बाद. असे करता करता पाची याद्या प्रेसवाल्यांच्या कागदासारख्या कोऱ्या झाल्या, आणि ज्यांच्या जाण्याने आमचे काही जाईल अशी माणसे शोधू लागलो, तेव्हा ती त्या बाकावरच बसलेली निघाली.

हे कोणी बोलून दाखवले नाही. मास्तर एवढेच म्हणाले, की तीन हजारांचे काय करायचे? त्यावर प्रेसवाल्यांनी नवा नियम सांगितला. सहाही जण हजर असतील त्या रविवारी गंगापूर रस्त्यावरच्या मळ्यात जाऊन गल्ल्याची मिसळ खायची. एक जरी कमी असला तरी गल्ला फोडायचा नाही.

24 नोव्हेंबरला धर्मेंद्र खरोखरच गेले. नव्वदीला दोनच आठवडे उरले होते. त्या सकाळी ट्रॅकवर कोणी गुणांचे नाव काढले नाही. मास्तरांनी ‘शोले’तला टाकीवरचा प्रसंग साभिनय करून दाखवला, आणि त्यांच्या गुडघ्यांकडे पाहता तो बराच चांगला वठला.

मिसळीचा बेत मात्र लांबला. थंडीत वकीलसाहेबांच्या छातीत कळ आली. इस्पितळ, नळ्या, दोन स्टेंट. गल्ला बाईंच्या कपाटात पडून राहिला. आम्ही पाच जण पाळीपाळीने इस्पितळात जाऊन बसत असू. विमेवाले त्यांचे क्लेमचे कागद भरीत. मास्तर नाडीचे ठोके मोजून ते बरोबर आहेत असे सांगत, जणू हिशेब त्यांनीच घातला होता. थंडी सरल्यावर एका रविवारी वकीलसाहेबांनी तर्रीशिवाय मिसळ खाल्ली आणि ही शिक्षा जन्मठेपेहून कडक असल्याचा निकाल दिला. पुढल्या वर्षाची वर्गणी पहिल्यांदा त्यांनीच काढली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरीही कोणी हा खेळ घेऊन आले तर त्याला इतकेच सांगा, की आपल्या दिवाळीत तो आधीपासून आहे, आणि नियम जास्त चांगले आहेत. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा ठेवतो. भाऊबीजेला तर यमद्वितीयाच म्हणतात. त्या दिवशी यम स्वतः यमुनेच्या, आपल्या बहिणीच्या, घरी जेवायला जातो. ज्याच्या जाण्याने जिचे सर्वांत जास्त जाईल, ती समोर निरांजन घेऊन उभी राहते, आणि पैसे तो तिच्या तबकात टाकतो, स्वतःच्या जिवंत असण्यावर. ओवाळणी टाकताना यंदा हात जरा सैल सोडा. पुढल्या वर्षीही टाकता यावी, एवढ्याचसाठी तर सगळा डाव आहे.