शहाबादी फरशीच्या मुलखात

सोलापूरहून वाडी जंक्शनकडे जाताना कलबुर्गी मागे पडली की शहाबाद येते. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण ज्या करड्या फरशीवर गेले, तिला नाव देणारे हे गाव. हैदराबादेत असो वा इंदुरात, मराठी घराच्या न्हाणीघरात आणि तुळशीवृंदावनाभोवती ती बहुधा असायचीच. हा चुनखडीचा दगड थराथरांनी बसलेला असतो. सांध्यात पहार घालून उचकटला की सपाट लादी हाती येते.

दगडाचा हा गुण माणसाने प्रथम केव्हा ओळखला? आपली धाव फार तर बहामनी राजवटीपर्यंत जाईल. उत्तर मात्र थक्क करणारे आहे, आणि ते शहाबादच्या नैर्ऋत्येस, जुन्या शोरापूर तालुक्यातील हुणसगी व बैचबाळ यांच्या खोऱ्यांत मिळाले. हा भाग पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होता. २००९ अखेर यादगीर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिकडे गेला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ प्रा. के. पद्दय्या यांनी या मुलखात वर्षानुवर्षे पायपीट केली. नुसती हत्यारे गोळा करून पेटाऱ्यात भरण्याची त्यांची रीत नव्हती. ओढे कोठून वाहतात, बारमाही झरे कोठे आहेत, चुनखडी कोठे उघडी पडली आहे आणि ग्रॅनाइट कोठे, हे सारे पाहून त्या संदर्भात प्रत्येक सापडीची जागा त्यांनी नकाशावर मांडली. सुमारे पाचशे चौरस किलोमीटरांच्या टापूत आदिम अश्मयुगाची दोनशेहून अधिक स्थळे नोंदली गेली, तेव्हा विखुरलेल्या ठिपक्यांतून एक जीवनक्रम दिसू लागला. पावसाळ्यात पाणी सर्वत्र, म्हणून माणसांच्या टोळ्या खोरेभर पांगत; उन्हाळ्यात त्या झऱ्यांपाशी एकत्र येत, असे अनुमान पद्दय्यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. आपण सुट्टीत आजोळी जमतो, तसेच काहीसे म्हणा ना!

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, इसामपूरचे स्थळ उजेडात आले. उत्खनन १९९७ ते २००१ या काळात झाले. वस्तीच्या जागी सहसा तयार हत्यारे अधिक मिळतात. येथे मात्र चुनखडीच्या मोठमोठ्या लाद्या, त्यांतून काढलेले छिलके, अर्धवट घडवून टाकून दिलेल्या हातकुऱ्हाडी, बारीक कपऱ्यांचा खच आणि घाव घालण्याचे कठीण दगडी हातोडे एकाच ठिकाणी पडलेले होते. ही दगडाची खाण आणि कारखाना दोन्ही होते. कारागिरांची पारखही पाहण्यासारखी: लादी मुळातच पातळ असेल, तर कडा छिलून तिचीच हातकुऱ्हाड करावयाची, जाड असेल, तर तीवरून मोठा छिलका उडवून त्याचे हत्यार घडवावयाचे. (मराठीत ‘फरशी’ हा शब्द कुऱ्हाडीलाही आहे, हा योगायोग मोठा गमतीचा!) तेथे मिळालेल्या जनावरांच्या दातांवरून काढलेले वय सुमारे साडेबारा लाख वर्षे भरते. हे काम आपल्यासारख्या मानवाचे नव्हे, त्याच्या फार पूर्वीच्या जातीचे.

बीदरकडे सरकले की दगड बदलतो. बीदर लाल जांभ्यावर वसलेले, आणि भोवती दख्खनचा काळा कातळ. त्यात गारगोट्या मिळतात, त्यांची लहान पाती निघतात. पण अशी लादी नाही. म्हणून प्राचीन दगडाचा उगम शोधणारा आधी भूस्तरांचा नकाशा उलगडतो. अलीकडे उपग्रहचित्रे आणि जागेचे अचूक अक्षांश-रेखांश सांगणारी यंत्रे मदतीला आली आहेत. पाय मात्र अजून झिजवावेच लागतात.

आणि घाई करावी लागते. नारायणपूर धरणाच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात पाणी आले, भात पिकू लागला, त्यासाठी शेते सपाट झाली. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु यंत्राने जमीन ओढली की लाखो वर्षे जागच्या जागी पडून राहिलेला दगड क्षणात बांधावर जाऊन पडतो.

आमच्याही घरी असा एक दगड आहे. आजोबांच्या एका स्नेह्याने तो तिकडच्या कोणाच्या तरी शेतातून आणून त्यांना दिला. बदामाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी छिललेला, तळहातात नेमका बसणारा. आजोबा तो कागदांवर वजन म्हणून ठेवीत. मी तो एका जाणकारांना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, कौतुक केले आणि विचारले, “कोणत्या गावच्या शिवारातला?” आजोबा नाहीत, ते स्नेहीही नाहीत. जाणकारांनी दगड माझ्या हातात परत दिला आणि उघडलेली वही मिटली.

तेव्हा ज्या वाचकांची त्या भागात अजून शेतीवाडी आहे, त्यांना एक विनंती. नांगरटीत असा दगड दिसला, तर तो उचलण्याआधी गाव, सर्व्हे नंबर आणि जवळचा ओढा कागदावर टिपून ठेवावा, व तो कागद जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयाकडे किंवा पुण्यास डेक्कन कॉलेजकडे पाठवावा. दगड शक्यतो तेथेच राहू द्यावा.