भरतीची धाव आणि रात्रीचा गेम



ऊसनोंदीच्या निमित्ताने गटागटांत फिरताना आम्हांस एक तक्रार घरोघरी ऐकावयास मिळते. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतं, पहाटे पळायलाही जातं, पण रात्री एक-दीडपर्यंत मोबाईलवर गेम खेळत बसतं. "पळतोय की रोज, मग गेम खेळला तर काय बिघडलं?" असे पोराचे म्हणणे, आणि "मोबाईल विहिरीत टाकतो बघ" असे बापाचे. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे.

पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीस ५० गुण असतात. पैकी मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत काढले तर पुरे गुण मिळतात, पुढे सेकंद वाढले की गुण उतरतात. म्हणजे वर्षभराची मेहनत काही सेकंदांवर येऊन ठेपते. ते सेकंद रात्रीच्या गेमपायी जातात काय, हा खरा प्रश्न.

ब्रिटनमध्ये १६ जणांवर झालेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दीड तास संगणकाच्या पडद्यावर डोके लावण्याचे काम दिले व नंतर थकेपर्यंत सायकल मारावयास सांगितले. एरवी हेच लोक सरासरी ७५४ सेकंद टिकत, त्या दिवशी ६४० सेकंदांतच थांबले. गंमत अशी की हृदयात वा फुप्फुसात काही कमी नव्हते. मेंदू शिणल्यामुळे तीच सायकल जड वाटू लागली. ते काम गेमचे नव्हते हे खरे, पण तासन्‌तास पडद्यावर नजर रोखून खेळणाऱ्याचे डोके काय विश्रांती घेते थोडेच?

दुसरी गोष्ट झोपेची. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहावयास लावले. २०११ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यांच्या ठरलेल्या धावेची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. व्यायामाने शिणलेले स्नायू भरून येतात ते विश्रांतीत. लागणीला खताचा हप्ता टाकून पाणीच दिले नाही तर खत वाया जाते, तसेच हे आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि आमच्या पोरांना पाचही मिळत नाही.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज येते त्या आठवड्यात मोटारीवर पोरगंच जातं. पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत, बिबट्याच्या धास्तीने जागत, एकट्यानं अंधारात करायचं काय? मोबाईलच सोबतीला असतो. अशा आठवड्यात पहाटेची धाव सोडून सायंकाळी पळावे आणि दिवसा त्याला झोपू द्यावे, हाका मारून उठवू नये.

शिवाय भरतीत एकदा-दोनदा अपयश आलेलं पोर गेममध्ये तोंड लपवतं. तिथं निदान जिंकता तरी येतं. त्याला रागावून काय साधणार? गेम खेळणारा प्रत्येकजण बिघडला असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत गेमच्या विकाराची नोंद आहे, मात्र कसोटी कडक आहे. ताबा सुटणे, बाकी सारी कामे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण बारा महिने चाललेले असणे. तसे दिसले तर डॉक्टरांकडे न्यावे. एरवी रात्री दहानंतर मोबाईल बापाच्या उशाशी चार्जिंगला लावावा एवढे पुरे. बापानेही आपला तिथेच लावावा, हे ओघाने आलेच!

"आम्ही कुठं व्यायाम केला, शेतातच राबलो" असे जुने सभासद म्हणतात. ते खरेच. पण आता बांधणी पॉवर टिलरने होते, तोडणी टोळी करते, आणि पोर बांधापर्यंत मोटारसायकलने जाते. राबणे कमी झाले तर पळणे वाढवावयास हवे, आणि पळायला जागा हवी. आज पोरं डांबरी रस्त्यावर वाहनं चुकवीत पळतात. मुलींची तर फार पंचाईत होते, अंधार पडायच्या आत घर गाठावं लागतं.

म्हणून आमची संचालक मंडळास विनंती आहे की, गळीत हंगाम संपल्यावर ऊसगाड्यांचा अड्डा मोकळा पडतो, तेथे चारशे मीटरची फेरी चुन्याने आखून सभासदांच्या मुलामुलींना सायंकाळी खुली करावी. मुलांच्या चार फेऱ्या, मुलींच्या दोन. आपापल्या गटातील कितीजण येतील ती नावे सभासदांनी गट कार्यालयात द्यावीत. मुरूम टाकून रोलर फिरविण्यास फार खर्च येणार नाही. दोन दिव्यांची सोय तेवढी करावी लागेल.