कपाट रिकामे करण्यापूर्वी

मुंबई-पुण्याहून परदेशी परतणाऱ्या मराठी माणसाची बॅग भरताना शेवटची झटापट पुस्तकांशीच होते. विमान कंपनीने एका बॅगेला २३ किलोची मर्यादा घातलेली असते. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याची बरणी आधीच आत बसलेली असते आणि काटा पुढे सरकला की पहिली बाहेर निघतात ती पुस्तके. टपालाने मागवावीत, तर पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त. त्यामुळे ई-रीडर नावाच्या यंत्राचे मनापासून स्वागत दूरदेशीच्या वाचकांनी केले यात नवल नाही. पाव किलोही वजन नसलेल्या वस्तूत अख्खे कपाट मावते, हे सुख ज्याने विमानतळावर बॅग उघडून पुस्तके काढली आहेत त्यालाच कळेल.

ॲमेझॉनने आपला ई-रीडर, पहिले किंडल, १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलरला बाजारात आणले आणि पहिला साठा सहा तासांच्या आत संपला. मराठी वाचकाला मात्र आणखी नऊ वर्षे थांबावे लागले. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमसोबत मराठी पुस्तके किंडलवर अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तोवर बुकगंगा मराठी ई-पुस्तके विकू लागले होते आणि ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके विनामूल्य घरोघर पोहोचवत होते. सगळ्यांत मोठी सोय झाली ती दिवाळी अंकांची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळ आणि अंक यांची जोडी जमली, पण परदेशात अंक पोहोचेपर्यंत तुळशीचे लग्नही उरकलेले असायचे. आता ई-अंक लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच उघडता येतो.

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांना तर या यंत्राने वाचन परत मिळवून दिले आहे. ई-शाईच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण असतात आणि विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात. पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. पडदा डोळ्यांवर प्रकाश फेकत नाही, कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येतो. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोतीबिंदूने किंवा वयाने बारीक टाइप दिसेनासा झालेल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

नव्या साधनाबद्दल कुरकुर मराठी समाजाने यापूर्वीही केली आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. तुपाची शाई करून त्यांची समजूत काढावी लागली. पुढे त्याच छापील कागदावर मराठीची सगळी उभारणी झाली. त्यामुळे यंत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही. खरा प्रश्न एवढाच आहे की, यंत्र आले म्हणून छापील पुस्तक गेले तरी चालेल का? या संपादकीयाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे भावनेपेक्षा व्यवहारातली आहेत.

पहिली अडचण थेट अक्षरापाशी येते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली बहुतेक मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षर फुटते, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ एका फटक्यात ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतात आणि डोंगरात समुद्र शिरतो. पुन्हा बारकाईने मुद्रितशोधन करायचे तर खर्च आला. खप थोडा असल्याने अनेक प्रकाशकांना तो झेपत नाही. शिवाय यंत्रातला टंक पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ पक्का केला, तरी पडद्यावर दंडाचा ‘ल’च समोर येतो. मोठ्यांना त्याने फरक पडत नाही. मंडळाच्या मराठी शाळेत नुकतीच बाराखडी गिरवणारे मूल मात्र गोंधळते. जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींची गत आणखी वाईट. सहा इंची पडद्यावर त्या पानाला चिमटीने ताणत, डावीउजवीकडे सरकवत वाचणे म्हणजे शिक्षाच.

जिथे यंत्र निर्विवाद सरस आहे, तिथे ते मान्य करायलाच हवे. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश जालावर आहे. साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे होऊन त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला, त्यामुळे ‘श्यामची आई’ कुणीही कायदेशीरपणे उतरवून घेऊ शकतो. कोशाचे जाडजूड खंड समुद्रापार आणण्याचा हट्ट आता कुणी धरू नये.

पण त्याच शिकागो विद्यापीठाच्या रीगनस्टाइन ग्रंथालयात मराठी पुस्तके मांडणीवरही उभी आहेत आणि ती तिथे कशी आली हे सभासदांनी जाणून घ्यावे. भारताने अमेरिकेकडून पीएल-४८० कायद्याखाली गहू घेतला आणि त्याचे पैसे रुपयांत चुकते केले. त्या रुपयांतला काही भाग पुस्तकखरेदीसाठी ठेवण्यात आला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय थाटून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली आणि ती अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. मराठी कथा-कादंबऱ्या, चरित्रे, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या अशा गव्हाच्या वाटेने अमेरिकेत पोहोचल्या. त्यांतली कित्येक पुस्तके महाराष्ट्रातही आज दुकानात मिळत नाहीत. त्या प्रती अजून वाचता येतात, कारण त्या उघडायला कोणत्याही कंपनीची परवानगी, खाते किंवा परवलीचा शब्द लागत नाही.

इथेच मुद्द्याचा गाभा आहे. ई-पुस्तकासाठी आपण पैसे मोजतो, पण बहुतेक वेळा हाती येतो तो फक्त वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादातून ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली; गदारोळ झाल्यावर जेफ बेझोस यांनी माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि पुस्तके नाहीशी झाली. चीनमधले किंडलचे दुकान जून २०२३ मध्ये बंद झाले. घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात घालण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे, हे दुकानदाराने स्पष्ट सांगावे.

परवान्यावरचे पुस्तक शेजारच्या काकूंना देता येत नाही, मुलीच्या सासरी पाठवता येत नाही, मंडळाच्या कपाटात ठेवता येत नाही. परदेशात मराठी वाचन टिकले ते या देवाणघेवाणीवर. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पेट्या महाराष्ट्राबाहेर पडून दुबईसारख्या शहरांतही फिरल्या, त्यामागे हीच रीत आहे. एक गट पेटी वाचून संपवतो आणि दुसऱ्या गटाशी बदलतो. पुस्तक घ्यायला आलेला माणूस अर्धा तास बसतो, चहा घेतो आणि ‘हे वाचलंत का?’ असे विचारून आणखी एक हातात ठेवून जातो. यंत्रातल्या शिफारशींना ते जमलेले नाही.

मुलांच्या बाबतीत तर घाई मुळीच नको. कागद आणि पडदा यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासून संशोधक डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष काढला की, माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असले की हा फरक वाढतो. गोष्टी-कादंबऱ्यांत मात्र तसा फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शाळांत पडदे आणण्यात पुढे असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर बाजूला काढले. मोठ्यांचा ओढाही कागदाकडेच दिसतो : प्यू या संशोधन संस्थेच्या २०२१च्या पाहणीत अमेरिकेतल्या ६५ टक्के प्रौढांनी वर्षभरात छापील पुस्तक वाचले होते, ई-पुस्तक ३० टक्क्यांनी. इंग्रजीत हवे ते ई-पुस्तक क्षणात मिळत असताना ही स्थिती आहे.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. व्हॉट्सॲपवर नव्या मराठी पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ फिरतात आणि त्या पुढे पाठवणाऱ्यांत आपलेही लोक असतात. हजार-दोन हजारांच्या आवृत्तीवर जगणाऱ्या प्रकाशकाच्या पोटावर हा पाय आहे. लेखकाला मिळणारे थोडके मानधनही त्यात बुडते. ज्याला ई-आवृत्ती उपलब्ध आहे त्याने ती विकत घ्यावी. किंमत बहुधा इथल्या एका कॉफीपेक्षा जास्त नसते.

तेव्हा यंत्र जरूर घ्यावे. प्रवासात, आजारपणात, दिवाळी अंकासाठी त्याच्यासारखा सोबती नाही. पण मोठे घर सोडून लहान घरात जाताना, ‘आता सगळे किंडलवर आहे’ म्हणून मराठी पुस्तकांची खोकी रद्दीत देऊ नयेत, कारण सगळे किंडलवर नाही. ज्यांना पुस्तके ठेवणे शक्य नाही त्यांनी पुस्तक, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचे वर्ष अशी साधी यादी करून मंडळाच्या वाचनालयाच्या कार्यकर्त्यांकडे द्यावी. जुन्या, आता न मिळणाऱ्या आवृत्त्या आधी कळवाव्यात. आणि मराठी शाळेच्या पालकांना एक विनंती : पुढच्या भारतभेटीत मुलामागे निदान दोन छापील पुस्तकांना बॅगेत जागा ठेवावी आणि ती निवडायला मुलांना स्वतः दुकानात न्यावे.